चालू लाइनीत बदल

हैदराबादची नोकरी गेली तेव्हा मी पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मधल्या बाबांच्या क्वार्टरला परत आले. मी ज्या कंपनीत होते ती इंटरनेटच्या मोठ्या लाइनींवर बसवायची यंत्रं बनवायची, आणि त्या यंत्रांच्या आत चालणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो. कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला. घरी आल्यावर बरेच दिवस असेच गेले. मग एकदा भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "दिवसभर भिंती पाहून राहिली तू. मामाकडे जाऊन ये जरा. त्याच्या नेटचं काहीतरी बिघडलं म्हणे."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जवळच्याच जामुलला सिमेंट कारखान्याच्या रस्त्यावर, एका सायकलच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. आधी टीव्हीची केबल द्यायचे, पुढे त्याच खांबांवरून तारा ओढून आसपासच्या वस्त्यांना इंटरनेट द्यायला लागले. मी स्कूटीवरून गेले तेव्हा ते एका लोखंडी कपाटासमोर टॉर्च घेऊन उभे होते. कपाटात एक चपटा डबा होता. मामांच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं इंटरनेट त्या एका डब्यातून जायचं. सगळ्यांना मिळून थोडेसेच बाहेरचे पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे ओळखीचे नंबर होते, ते वाटून देणं, नको त्याला आत न येऊ देणं, आणि ज्याने जो प्लॅन घेतला त्याला तेवढाच वेग देणं, ही सगळी कामं तो करायचा.

"डबा चांगला हाये," मामा म्हणाले. "पण यात काही नवीन करा म्हटलं, की कंपनीवाले म्हणतात, नवीन मॉडेल घ्या. बंद पेटी हाये, आत हात घालू देत नाही. तू तिकडे हेच करत होती ना?"

"हो."

"मंग इथे कर."

मी त्या डब्याकडे पाहिलं. तो जे करतो ते साधा सर्व्हर घेऊन, प्रोग्राम लिहून करता येतं हे मला माहीत होतं. हैदराबादला आम्ही तेच तर करायचा प्रयत्न करत होतो. मी म्हटलं, "करते." इतकं सोपं वाटलं मला ते.

पहिला प्रोग्राम लवकर तयार झाला. एक जुना सर्व्हर घेतला, त्यावर एकाखाली एक नियम लिहिले, डबा काढला, तो बसवला. मामांना त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की काहीही बदलायचं असलं तर मी एक नियम लिहायची आणि ते लगेच लागू व्हायचं. झालं! त्यांनी हे जामुलभर सांगितलं. कोचिंग क्लासवाल्याला बॅचच्या वेळी पोरांचे गेम बंद हवे होते. डॉक्टरांना दवाखान्यातला कॅमेरा बोरसीच्या घरून पाहायचा होता. सरकारी कामं ऑनलाइन करून देणारं च्वाइस सेंटर चालवणाऱ्या बाईंना बाहेरचा पत्ता कायम एकच हवा होता, कारण तो बदलला की सरकारी साइट त्यांना बाहेर काढायची. आणि कोणाच्या कोणाच्या घरी जेवण झाल्यावर मुलांचं नेट बंद हवं होतं. मामा फोन कानाला लावून सगळ्यांना एकच सांगायचे, "हो जाएगा भैया, अपनी भांजी ही तो करती है."

भांजी करत राहिली. मग भारताची मॅच आली.

संध्याकाळी सगळं जामुल एकाच वेळी मोबाइल उघडून बसलं आणि माझा सर्व्हर गुडघ्यावर आला. इंटरनेटवरून जे काही येतं ते लहान लहान पॅकेटांत येतं. चित्राचा एक तुकडा म्हणजे एक पॅकेट, असं समजा. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक पॅकेट पहिल्या नियमापासून सुरू होऊन खालपर्यंत विचारत जायचं, हा नियम माझ्यासाठी आहे का, हा आहे का, हा आहे का. नियम थोडे होते तोवर ठीक होतं. आता मामांच्या प्रत्येक "हो जाएगा"चा एक नियम होता. ती मॅच मी पाहिली नाही, पण तिची एकूण एक ओव्हर मला लोकांच्या शिव्यांवरून कळली.

"बाई, काय झालं?" मामांनी विचारलं.

"नियम जास्त झाले."

"मंग कमी कर."

"कोणाचे करू, सांगा. डॉक्टरांचा काढू? कोचिंगचा काढू?"

तेवढ्यात मामांचा फोन वाजला आणि माझ्यासमोरच ते म्हणाले, "हाँ हाँ, वो भी हो जाएगा." माझं डोकं असं फिरलं की मी पर्स उचलून सरळ घरी आले.

दुसरा प्रोग्राम मी घरी बसून लिहिला. तपासायला तसाच दुसरा जुना सर्व्हर क्वार्टरच्या पुढच्या खोलीत आणला. त्याचे पंखे इतके ओरडायचे की ड्युटीवरून आलेले बाबा दारातूनच म्हणायचे, "कधी उडणार हाये हे विमान?" या वेळी मी ठरवलं होतं, वेग म्हणजे वेग. कॉम्प्युटरच्या मूळ सिस्टीमला मध्ये येऊच द्यायचं नाही. नेटवर्क कार्डावर आलेली पॅकेटं मुठीमुठीने थेट माझ्या प्रोग्रामने उचलायची. प्रोसेसरचा एक भाग फक्त याच कामाला बांधून ठेवायचा. तो झोपणार नाही, दुसरं काही करणार नाही, नुसता विचारत राहील, काही आलं का, काही आलं का. आणि सगळे नियम वेगवेगळे न ठेवता प्रोग्राममध्येच पक्के करून टाकायचे, म्हणजे शोधाशोध नको.

तो लावला आणि पुढची मॅच आली. एकही फोन आला नाही. मामांनी खालच्या सायकलवाल्यासकट सगळ्यांना समोसे खाऊ घातले. मला खरंच वाटलं की संपलं आता. उद्यापासून नोकरीसाठी अर्ज करायला लागावं.

दुसऱ्याच दिवशी कोचिंगवाल्याने बॅचची वेळ बदलली.

आता नियम पक्के केलेले होते. एक वेळ बदलायची तर प्रोग्राम नव्याने बांधून, जुना बंद करून, नवा सुरू करावा लागायचा. हे क्षणाचं काम होतं. पण त्या क्षणात प्रोग्राम सगळं विसरून जायचा, कोणाचं कोणाशी काय चाललं आहे, कोणाला कोणता पत्ता दिला आहे. व्हिडिओ पाहणाऱ्याला एक झटका बसायचा आणि चित्र पुढे सरकायचं. सगळ्यांचं एका झटक्यावर भागत नव्हतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

भर दुपारी मामांनी माझ्याकडून तो बदल करून घेतला. थोड्या वेळाने च्वाइस सेंटरच्या बाई जिना चढून वर आल्या. त्यांच्या मागे एक म्हातारे गृहस्थ होते, आयुष्यभर सिमेंटच्या गोण्या उचललेले.

"दीदी, बाबा के राशन कार्ड की केवायसी थी," बाई म्हणाल्या. "सुबह से अंगूठा नहीं ले रही थी मशीन, घिस गया है न. अभी बड़ी मुश्किल से लिया, और उसी टाइम आपकी लाइन चली गई. अब फिर नहीं ले रहा."

मी त्यांची माफी मागितली. ते म्हातारे माझ्याकडे पाहून हसले आणि अंगठा शर्टाला पुसत राहिले, जणू दोष त्या अंगठ्याचाच होता. ते दोघं खाली गेल्यावर मी मामांवर तुटून पडले.

"दुपारी बदलायची काय गरज होती? कोचिंग तर संध्याकाळी असते!"

"तूच म्हटलं, क्षणाचं काम हाये."

"क्षणाचंच आहे!"

"मंग मले कावून बोलून राहिली?"

त्यावर मी आणखी चिडले. आम्ही ठरवलं की काहीही बदल पहाटेच करायचा. मामांनी ते दोन-चार दिवस पाळलं. मग एकाचं अर्जंट होतं, दुसऱ्याचं त्याहून अर्जंट. शेवटी मी जाणंच बंद केलं आणि फोनही उचलला नाही. तेव्हा आई मध्ये पडली.

"भाऊ हाये माझा," ती म्हणाली. "त्याला नाही समजत तुझं कॉम्प्युटर. तू शिकलेली आहेस, तू समजून घे."

"शिकलेल्यानंच का समजून घ्यायचं दर वेळी?"

"तर मग कोण घेईल?" म्हणून ती कपडे वाळत घालायला निघून गेली. मी खोलीत बसून त्या ओरडणाऱ्या पंख्यांकडे पाहत राहिले. खरं सांगायचं तर मामांवरचा राग वरवरचा होता. मला खुपत होतं ते वेगळंच. लोकांना रोज काहीतरी नवीन लागणारच. त्यात कोणाची चूक नव्हती. जो प्रोग्राम ते मान्य करत होता तो रांगत होता आणि जो पळत होता त्याला वळता येत नव्हतं. हैदराबादला आमची मोठाली टीम याच जागी येऊन अडकली होती. मग विभागच बंद झाला.

तिसऱ्या प्रोग्रामवर मी पावसाळाभर बसले. सगळी कामं पुन्हा सुटी केली, प्रत्येकाचा वेगळा भाग. एखाद्या मोबाइलचं बाहेर कोणाशी नवीन बोलणं सुरू झालं की त्याचं पहिलं पॅकेट सगळ्या भागांतून फिरवायचं आणि शेवटी काय ठरलं ते लक्षात ठेवायचं. याचा पत्ता असा बदला, याला इतका वेग द्या, सोडा. मग त्या बोलण्यातली पुढची पॅकेटं फिरवायची नाहीत, ठरलं आहे तसं करून थेट पुढे पाठवायची. आणि चालू बोलण्यांची आठवण प्रोग्रामच्या बाहेर ठेवायची, म्हणजे नवा प्रोग्राम येऊन शेजारी उभा राहील, आठवण ताब्यात घेईल आणि मग जुना उठेल. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय विशेष? पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय आम्ही कुठं मशीन सोडतो?" मला त्यांचाही राग आला. त्यांना ते इतकं सहज होतं आणि मला लिहायला महिने लागत होते.

घरी दोन कॉम्प्युटर जोडून तपासलं तेव्हा ते सुंदर चाललं. चालू असताना नियम बदलले, अख्खा प्रोग्राम बदलला, एक पॅकेट हरवलं नाही. मी जामुलला जाऊन तो लावला आणि संध्याकाळ होईस्तोवर सगळ्यांच्या लाइनी जड झाल्या.

मला विश्वासच बसेना. मामांनी सर्व्हरचं झाकण उघडलं, बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट मला दाखवलं. "हे पाह्य. सिमेंटची धूळ. पंखे भरले. गरम होऊन राहिला बिचारा." मला ते इतकं हवंहवंसं वाटलं! दोष धुळीचा असावा, माझ्या डिझाइनचा नसावा. आम्ही ब्लोअर आणून सर्व्हर साफ केला, खिडकीला दुहेरी जाळी लावली, मामांनी कारखान्याच्या चिमणीकडे हात करून शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारभर ते छान चाललं. "बघ, धूळच होती," मामा म्हणाले. संध्याकाळी लोक कामावरून घरी आले आणि परत तेच. मी दुसरा, न वळणारा प्रोग्राम परत लावला आणि हात धुवायला गेले, तर नळाला पाणी नव्हतं.

नंतर कितीतरी दिवस मी नवीन काहीच लिहिलं नाही. फक्त लाइनीवरून खरोखर काय जातं ते पाहत बसले. हे मी आधी करायला हवं होतं. घरच्या तपासणीत मी घडवलेलं प्रत्येक बोलणं लांबलचक होतं, एक पहिलं पॅकेट आणि मागे हजारो. जामुलमध्ये तसं नव्हतं. खिशात पडलेला साधा मोबाइलसुद्धा सारखा कोणाला ना कोणाला काही विचारत असतो. एक प्रश्न, एक उत्तर, संपलं. अशा बोलण्यांत जवळजवळ सगळी पॅकेटं पहिलीच. मी त्यांना सगळ्या भागांतून फिरवत होते, निकाल लक्षात ठेवत होते आणि तो कधीच उपयोगी पडत नव्हता. त्यात आणखी एक. मामांनी कोणाचाही एक नियम बदलला की मी लक्षात ठेवलेलं सगळं खोटं ठरवून पुसून टाकत होते. मग अख्ख्या जामुलची पॅकेटं एकाच वेळी पहिली होऊन दारात उभी राहायची.

कळल्यावर दुरुस्ती तशी साधी होती. एखादं बोलणं थोडं लांबल्याशिवाय त्याचा निकाल साठवायचा नाही. नियम बदलला तर ज्यांना तो लागू आहे तेवढ्यांचाच निकाल पुसायचा. लिहायला थोडेच दिवस लागले. तोवर आईने विचारणंही सोडून दिलं होतं.

लावला. एक संध्याकाळ गेली, मग दुसरी. मॅचही झाली. मी रोज वाट पाहायची की आता कोसळेल. कोसळला नाही. शेवटी, ज्याच्यासाठी एवढं केलं ते करून पाहायचं ठरवलं. भर दुपारी लॅपटॉप घेऊन मी च्वाइस सेंटरमध्ये जाऊन बसले. बाकावर लोक होते. बाई एका आजींचा अंगठा मशीनवर दाबून धरत होत्या, "थोड़ा जोर से दाई, थोड़ा सीधा." तेव्हाच मी सर्व्हरवरचा सगळा प्रोग्राम बदलला. मशीनचा हिरवा दिवा लागला, पडद्यावर बरोबरची खूण आली, आजी उठल्या आणि पुढचा माणूस बसला.

"दीदी, मी आत्ता..." मी मराठीतच सुरू केलं, मग हिंदीत म्हटलं, "मैंने अभी पूरा प्रोग्राम बदल दिया. चालू लाइन में."

"अच्छा," बाई म्हणाल्या. वर पाहिलं नाही. "वो प्रिंटर भी देख लो न, कागज फँस रहा है."

मी प्रिंटरमधला कागद काढून दिला. ऑफिसात येऊन मामांना सांगितलं. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली, सर्व्हर पाहिला, पडद्यावरचे आलेख पाहिले.

"काय बदललं? मले तं काहीच दिसून नाही राहिलं."

"तेच तर, मामा!"

"नाही, चांगलं हाये," ते घाईने म्हणाले, कारण माझा चेहरा त्यांना दिसला असावा. "चहा सांगू का?"

तो प्रोग्राम थंडीभर आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालला. मामा दिवसातून कितीदा तरी बदल सांगायचे, मी घरून करायची, कोणाला काही कळायचं नाही. मग एका रविवारी मामा घरी आले. जेवण होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले. हात धुऊन आल्यावर म्हणाले की एका मोठ्या कंपनीने त्यांची सगळी लाइन मागितली आहे. तारा कंपनीच्या, यंत्रं कंपनीची, मामा फक्त स्थानिक एजंट.

"आणि माझा सर्व्हर?"

"ते त्यांचंच लावतात. बाहेरचं चालत नाही त्यांना."

"मामा, आता चालून राहिलं ना सगळं! आता कावून?"

"ते गल्लीगल्लीत केबल टाकून राहिले, बाई. आज ना उद्या गिऱ्हाईक जाणारच. आणि माझे गुडघे आता खांबावर नाही चढू देत." आई त्यांच्या पाठीमागे उभी होती. तिने मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. मामांचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

कंपनीची माणसं आली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. त्यांनी एक पांढरा, सील केलेला डबा कपाटात बसवला. पत्ते वाटणं, वेग ठरवणं, सगळं आता कुठल्यातरी दूरच्या शहरात होणार होतं. त्यातल्या एकाने माझ्या सर्व्हरकडे बोट दाखवलं. "ये किसका है?"

"मेरी भांजी का," मामा म्हणाले. "अच्छा चलता था."

इतक्या दिवसांत मामांनी त्याला मनापासून चांगलं म्हटलेलं ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही 'था' लावून. मी तारा काढल्या आणि पंखे थांबले.

त्यानंतर कोचिंगवाल्याला गेम बंद करून मिळाले नाहीत, डॉक्टरांना बोरसीहून कॅमेरा दिसेनासा झाला. च्वाइस सेंटरचा पत्ता परत बदलायला लागला. लोक मामांकडे यायचे आणि मामा त्यांना हेल्पलाइनचा नंबर द्यायचे. मला पुढे पुण्याच्या एका कंपनीचं काम घरबसल्या मिळालं. तिथेही मी पॅकेटंच हलवते. आधी वेग दाखवा, बदलायचं नंतर पाहू, असं तिथे सांगतात. तसं का नको हे मी समजावून सांगते. ते ऐकतात, मान हलवतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात.

मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला. त्यांच्या स्वतःच्या घरचं नेट सकाळपासून बंद होतं. हेल्पलाइनवर नुसतं गाणं वाजत होतं.

"तू पाहून दे ना जरा."

"मामा, तो डबा सीलबंद आहे. मला आत जाता येत नाही."

"थोडंसंच पाहायचं हाये."

"थोडंही नाही येत, मामा."

मामा म्हणाले, "बरं. तुझ्या आईले सांग, मी रविवारी येतो."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पुण्याची मीटिंग सुरू व्हायला अजून वेळ होता. मी माझा जामुलचा प्रोग्राम उघडला, उगाच वरपासून खालपर्यंत वाचत गेले. मधे एका ठिकाणी एक चूक सापडली, बारीकशी, कधी कोणाला त्रास न झालेली. ती दुरुस्त केली. मग आठवलं की हे आता कुठे लावायचंच नाही. मी जोरात लॅपटॉप मिटला, तर आतून आई म्हणाली, "आता काय झालं?"